पाण्यावरील चकाकी आणि मासे धरणाराचा चष्मा

शेतीस जोड म्हणून मासे पाळणारांची संख्या आपल्या राज्यांत दिवसेंदिवस वाढत आहे. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढल्यापासून अनेक गांवीं शेततळीं झालीं, आणि ज्यांत पाणी टिकतें अशा तळ्यांतून काटला, रोहू, मृगळ, चिलापी हे मासे सोडण्याची चाल पडली. भंडारा-गोंदियाकडील जुने मालगुजारी तलाव व कोंकणांतील खाड्या येथें तर जाळें आणि गळ हीं पिढ्यान् पिढ्यांचीं साधनें आहेत. उजनीसारख्या मोठ्या जलाशयाच्या कांठीं कित्येक कुटुंबांचें पोट पाण्यावरच चालतें. ह्या सर्व मंडळींना एक अडचण सारखीच भोंवते. ऊन चढलें कीं पाण्याचा पृष्ठभाग कल्हई केलेल्या परातीसारखा लखलखूं लागतो, डोळे दिपतात, आणि चार हातांवर मासा आहे कीं बुडालेलें खोड आहे हें उमजत नाहीं.

जुन्या लोकांनीं ह्यावर आपले उपाय शोधून ठेविले आहेत. कपाळावर आडवा हात धरणें, सूर्य पाठीशीं घेणें, झाडाची सावली पाण्यावर पडते तेथें बसणें, हे ते उपाय होत; व ते आजही खरे आहेत. परंतु अलीकडे ह्या कामासाठीं एक विशेष प्रकारचा चष्मा बाजारांत सर्वत्र मिळूं लागला आहे. त्यास ‘पोलराइज्ड’ चष्मा म्हणतात. तो दोनशे रुपयांसही मिळतो व पंधरा-वीस हजारांसही मिळतो. घेणारा मनुष्य बहुधा काचेचा काळेपणा आणि दुकानदाराची जीभ ह्या दोहोंवर विसंबून पैसे मोजतो. त्यांत फसगत झाली तर केवळ पैसेच जातात असें नाहीं. ज्या डोळ्यांच्या रक्षणासाठीं चष्मा घेतला त्यांचेंच नुकसान होण्याचा संभव असतो. म्हणून हा चष्मा काय करितो, काय करीत नाहीं, आणि पैसे देण्यापूर्वीं त्याची पारख कशी करावी, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

चकाकी म्हणजे काय

दोरीचें एक टोक खुंटीस बांधून दुसरें हातानें हलविलें म्हणजे दोरींतून लहर धांवते. हात वरखालीं हलविला तर लहर उभी होते, डावी-उजवीकडे हलविला तर आडवी होते. प्रकाशाचेंही असेंच आहे. सूर्याच्या प्रकाशांत उभ्या, आडव्या, तिरप्या, अशा सर्व दिशांनीं कंप पावणाऱ्या लहरी मिसळलेल्या असतात. हा प्रकाश पाण्यावर पडला म्हणजे त्याचा कांहीं भाग पाण्यांत शिरतो व कांहीं परत फिरतो. परतवितांना पाणी एक प्रकारची निवड करितें. आडव्या कंपाचा प्रकाश तें अधिक परतवितें आणि उभ्या कंपाचा बराचसा आंत घेतें. त्यामुळें पाण्यावरून आपल्या डोळ्यांत येणारी चकाकी ही मुख्यत्वें आडव्या कंपाची असते. उलटपक्षीं माशाच्या अंगावरून किंवा तळाच्या दगडावरून जो प्रकाश येतो त्यांत असा एकतर्फीपणा फारसा नसतो. एकाच दिशेनें कंप पावणाऱ्या प्रकाशास शास्त्रीय ग्रंथांत ‘ध्रुवीभूत’ प्रकाश म्हणतात. ‘पोलराइज्ड’ हें त्याचेंच इंग्रजी नांव होय.

आतां उभ्या गजांची खिडकी डोळ्यांपुढें आणावी. तींतून काठी बाहेर द्यावयाची तर ती उभी धरावी लागते; आडवी धरली तर गजांस अडते. चष्म्याच्या काचेंत असाच एक पापुद्रा बसविलेला असतो. उभ्या कंपाचा प्रकाश तो जाऊं देतो व आडव्या कंपाचा गिळून टाकतो. साधी काळी काच चकाकी व मासा ह्या दोघांनाही सारखेंच अंधुक करिते. ही काच चकाकीला वेगळी ओळखून अडविते आणि माशाला वाट देते. दोहोंतील सगळा फरक एवढाच आहे, आणि ज्यास तो कळला त्यास पुढील सर्व गोष्टी सोप्या जातात.

ही युक्ति कशी सांपडली

१८०८ सालीं एतिएन लुई मालुस नांवाचा फ्रेंच गृहस्थ पॅरिस येथें लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारें मावळतें ऊन एका स्फटिकांतून पाहत होता. स्फटिक फिरविला कीं चकाकी कमीजास्त होते, असें त्यास आढळलें. परावर्तनानें प्रकाश ध्रुवीभूत होतो हें प्रथम अशा रीतीनें कळलें. पुढें १८१५ सालीं डेव्हिड ब्रूस्टर ह्या स्कॉटिश शास्त्रज्ञानें कोणत्या पदार्थावर कोणत्या कोनांत हें पूर्णपणें घडतें त्याचा नियम बसविला. १८५२ मध्यें इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं डॉक्टर हेरापाथ ह्यांच्या शिष्यानें कोयनेल चारलेल्या कुत्र्याच्या मूत्रांत आयोडीन टाकलें, तों हिरवे बारीक स्फटिक तयार झाले. ते एकमेकांवर आडवे पडले कीं त्यांतून प्रकाश जात नसे. ह्याच स्फटिकांचें बारीक चूर्ण एका दिशेनें लावून त्याचा पातळ पत्रा करण्याची कृति अमेरिकेंतील एडविन लँड ह्यानें काढिली व १९२९ सालीं तिच्या हक्कासाठीं अर्ज केला. पुढें त्यानें ताणलेल्या प्लास्टिकच्या पापुद्र्यास आयोडीन पाजून अधिक चांगला पत्रा केला. आजचे बहुतेक चष्मे ह्या दुसऱ्या रीतीचेच वंशज आहेत.

आपल्या देशाचाही ह्या गोष्टीशीं निकटचा संबंध आहे. समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ आकाशाचें प्रतिबिंब, असा त्या काळीं मोठ्या विद्वानांचाही समज होता. १९२१ सालीं चंद्रशेखर व्यंकट रामन् हे विलायतेहून ‘नार्कुंडा’ बोटीनें मुंबईस परत येत असतां त्यांनीं प्रकाश ध्रुवीभूत करणारा एक लोलक डोळ्यांशीं धरून पाण्यावरील आकाशाचें प्रतिबिंब नाहींसें केलें. तरी समुद्र निळाच राहिला, किंबहुना अधिकच निळा दिसला. निळाई पाण्याची स्वतःची आहे हें त्यांनीं मुंबई बंदरांतूनच पत्र धाडून जगास कळविलें. प्रकाशाच्या विखुरण्याचा त्यांचा जो पुढील अभ्यास १९३० सालच्या नोबेल पारितोषिकापर्यंत गेला, त्याचें एक मूळ ह्या प्रवासांत आहे. चकाकी बाजूस सारून पाण्याच्या अंतरंगांत पाहणें, हेंच रामन् ह्यांनीं लोलकानें केलें व हेंच मासे धरणारा ह्या चष्म्यानें करितो.

कोठें उभें राहावें

पाण्याचा हा निवडकपणा सर्व कोनांत सारखा नसतो. पायांशीं सरळ खालीं पाहिलें तर पाणी शेंकडा २ च भाग प्रकाश परतवितें व त्यांत उभ्या-आडव्याचा भेद नसतो. तेथें चकाकी थोडी आणि चष्म्याचें कामही थोडें. अगदीं दूरवर, पाण्याशीं जवळजवळ समांतर नजर टाकली, तर परतणारा प्रकाश फार वाढतो. पृष्ठभागाशीं १० अंशांचा कोन होतो तेथें तो पडलेल्या प्रकाशाच्या सुमारें एकतृतीयांश असतो; परंतु त्यांत उभा कंपही मिसळलेला असल्यामुळें चष्मा तो पुरता अडवूं शकत नाहीं. ह्या दोहोंच्या मध्यें, नजर पृष्ठभागाशीं सुमारें ३७ अंशांचा कोन करील तेव्हां, परत येणारा प्रकाश जवळजवळ संपूर्णपणें आडव्या कंपाचा असतो. चष्म्याचा खरा गुण दिसतो तो ह्याच ठिकाणीं.

ह्याचा व्यवहारी हिशेब सोपा आहे. डोळ्यांची पाण्यापासून जी उंची असेल तिच्या सव्वापटीहून किंचित् अधिक अंतरावरील पाणी सर्वांत स्वच्छ दिसतें. डोळे ६ फूट उंच असले तर ८ फुटांवर, आणि बांधावर उभें राहिल्यामुळें १५ फूट उंच झाले तर २० फुटांवर. ह्या जागेच्या अलीकडेपलीकडेही कांहीं अंतरापर्यंत गुण चांगला येतो. पुढें तो कमी होत जातो. म्हणून दूरचें पाणी पाहावयाचें असेल तर चष्म्यापेक्षां उंच जागा अधिक उपयोगी पडते.

सूर्याची स्वतःची जी आग ओकणारी रेघ पाण्यावर पडते तीही सूर्य क्षितिजाच्या वर सुमारें ३७ अंश असतांना चष्म्यानें उत्तम अडते. आपल्याकडे ही वेळ साधारणपणें सकाळीं ९ व दुपारीं ४ च्या सुमारास येते. ऋतुमानाप्रमाणें ती तास-सव्वा तास मागेंपुढें सरकते. वाऱ्यानें पाणी हललें कीं प्रत्येक लाट निराळ्या कोनांत कललेली असते, तेव्हां सगळी चकाकी जात नाहीं. अशा वेळीं मान थोडी डावीकडे व थोडी उजवीकडे कलवून पाहावी. कोणत्या तरी एका स्थितींत पाणी अधिक उघडें होतें.

चष्मा काय करीत नाहीं

गढूळ पाणी हा चष्मा निवळीत नाहीं. पहिल्या पावसाच्या मातकट लोंढ्यांत किंवा शेवाळानें दाट हिरव्या झालेल्या तळ्यांत प्रकाश पाण्याच्या आंतच अडतो व विखुरतो. तेथें वरची चकाकी गेली तरी खालचें कांहीं दिसत नाहीं. दुसरें असें कीं, पाण्यांतील वस्तु आहे त्याहून वर दिसते. सरळ वरून पाहतां ४ फूट खोल असलेला मासा ३ फुटांवर भासतो, आणि नजर तिरपी होत जाईल तसा तो आणखी वर दिसतो. हा दोष प्रकाशाच्या वांकण्याचा असल्यामुळें चष्म्यानें दूर होत नाहीं. उलट मासा स्पष्ट दिसूं लागल्यामुळें नवखा मनुष्य अधिक सहज फसतो. खाडींत बोयींच्या थव्यावर पाग टाकणारानें थवा दिसतो त्याहून खोल आहे हें ध्यानांत धरूनच हात सोडावा.

आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य वाटतें. तलावांत मरळ आपल्या पिलांची राखण करीत असते. तिच्या तांबूस पिलांचा पुंजका पृष्ठभागाशीं असतो व आईबापांपैकीं कोणी तरी खालीं घुटमळत असतें. चष्म्यानें हें सर्व फार चांगलें दिसतें. परंतु राखण करणारा मासा उचलला तर सर्व पिलें इतर माशांच्या तोंडीं जातात. दिसलें तें सर्व धरावयाचें नसतें, हें तळ्याच्या मालकास सांगावयास नकोच.

दोन निरनिराळीं कामें

आतां ह्या लेखांतील मुख्य मुद्द्याकडे वळूं. चष्म्याकडून आपल्याला दोन कामें हवीं असतात. एक, पाण्यावरील चकाकी अडविणें. दुसरें, उन्हांतील अतिनील किरण अडविणें. हीं दोन कामें एकमेकांपासून अगदीं वेगळीं आहेत आणि काचेच्या काळेपणाशीं दोहोंचाही आवश्यक असा संबंध नाहीं.

अतिनील किरण, ज्यांस जुन्या पुस्तकांत जंबुपार किरण म्हटलें आहे, ते डोळ्यांस दिसत नाहींत, परंतु त्यांचा परिणाम वर्षानुवर्षें सांचत जातो. मोतीबिंदु होण्याच्या कारणांत त्यांची गणना होते. तसेंच डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकत येणारी जी मांसल वाढ उन्हांत व पाण्यावर आयुष्य घालविलेल्या लोकांत आढळते, तिचाही संबंध ह्या किरणांशीं आहे. पाण्यावर हे किरण वरून येतात तसे खालूनही येतात. कोरडी वाळू सुमारें शेंकडा १५ व समुद्राचा फेस सुमारें शेंकडा २५ इतके अतिनील किरण परतवितो. टोपीची कड वरचे किरण अडविते, खालचे अडवीत नाहीं.

ज्या काळ्या काचेंत अतिनील किरण अडविण्याचा गुण नाहीं, ती घालणें हें उघड्या डोळ्यांनीं फिरण्यापेक्षांही वाईट ठरण्याचा संभव आहे. कारण अंधारामुळें डोळ्याची बाहुली मोठी होते, मनुष्य डोळे बारीक करणें सोडून देतो, आणि वाट मोकळी झाल्यामुळें हे किरण अधिक आंत शिरतात. ह्याच्या उलट, अगदीं पांढरी स्वच्छ काचसुद्धां योग्य द्रव्याची असली तर हे किरण जवळजवळ सर्व अडविते. तात्पर्य, काळेपणा ही संरक्षणाची खूण नव्हे. खूण पाहावयाची ती ‘यूव्ही ४००’ ही. ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या लांबीच्या लहरी ही काच अडविते, असा तिचा अर्थ. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर होय.

परंतु खूण म्हणजे अखेर एक चिकटविलेली चिठ्ठी. ती कोणीही छापूं शकतो. आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें, आणि खरेदीखतावर शिक्का आहे एवढ्यावर समाधान मानून जागेवरच्या हद्दी न पाहणारांचे कज्जे किती वर्षें चालतात तें आम्हीं पाहिलें आहे. चष्म्याच्या बाबतींतही कागद पाहावा, आणि मग जागेवर जाऊन हद्द पाहावी.

दुकानांत करावयाच्या परीक्षा

१. चकचकीत फरशी किंवा टेबलावरील काच ह्यांवर पडलेली उजेडाची चकाकी चष्म्यांतून पाहावी, व पाहतां पाहतां चष्मा पाव फेरा फिरवून उभा करावा. चकाकी स्पष्टपणें कमीजास्त झाली तर काच खरी. कांहींच फरक पडला नाहीं तर ती नुसती रंगविलेली काच आहे. ही परीक्षा पितळेच्या वा स्टीलच्या भांड्यावर करूं नये. धातूवरील चकाकी बहुतेक ध्रुवीभूत नसते.

२. दुकानदाराचें हिशेबाचें यंत्र, म्हणजे कॅल्क्युलेटर, मागून घ्यावें. त्याचा पडदा चष्म्यांतून पाहत यंत्र हळूहळू फिरवावें. काच खरी असेल तर एका स्थितींत पडदा काळा पडून आंकडे दिसेनासे होतात. मोबाइलावरही ही परीक्षा होते. परंतु कांहीं मोबाइलांच्या पडद्यावर अंधार न पडतां केवळ रंगांत फरक पडतो, म्हणून कॅल्क्युलेटर बरा. दोन्ही काचा एकाच स्थितींत व सारख्याच काळ्या पडतात कीं नाहीं, हेंही येथेंच पाहून घ्यावें. एक आधीं व दुसरी मागून काळी पडली तर त्या वांकड्या बसल्या आहेत असें समजावें. असा चष्मा दिवसभर घातल्यास डोळे शिणतात.

३. एक खरा चष्मा जवळ असेल तर त्याची काच नव्या काचेवर आडवी धरावी. दोन्ही खऱ्या असल्यास मधला भाग काळाकुट्ट होतो.

४. अतिनील किरणांची परीक्षा चष्मेवाल्याकडील यंत्रावर करून मागावी. पुष्कळ चांगल्या दुकानांत तें असतें. तें नसेल तर बनावट नोटा ओळखण्याची जांभळ्या उजेडाची लहान बत्ती मिळते, तिनें स्थूल अंदाज येतो. तिच्या उजेडांत नोटेवरील क्रमांक व बारीक तंतु चमकतात. बत्ती व नोट ह्यांच्यामध्यें चष्म्याची काच धरतांच ती चमक गेली तर काच त्या उजेडापुरतें काम करीत आहे. ही बत्ती डोळ्यांवर कधींही मारूं नये.

५. चष्मा हातभर दूर धरून काचेंतून दाराची उभी चौकट पाहावी व चष्मा हळू डावी-उजवीकडे हलवावा. बिननंबरी काचेंत चौकट लचकतांना किंवा वांकतांना दिसली तर काच सदोष आहे.

बाजारांत पुष्कळ ठिकाणीं चष्म्याबरोबर एक लहान चित्र दाखवितात. साध्या डोळ्यांस तें कोरें दिसतें व चष्मा लावतांच त्यांत मासा किंवा पक्षी प्रकट होतो. गिऱ्हाईक चकित होतें व पैसे देतें. ह्या चित्रांत लबाडी नाहीं; पण तें पहिल्या कामाचा दाखला देतें, दुसऱ्याचा देत नाहीं. मासा दिसला म्हणून डोळा राखला जाईल असें नव्हे.

काळेपणा व रंग

काच किती उजेड आंत सोडते त्यावरून आंतरराष्ट्रीय मानकांत ० ते ४ अशा पांच प्रती ठरविल्या आहेत, व चांगल्या चष्म्याच्या दांडीवर आंतल्या बाजूस बहुधा हा आंकडा असतो. २ ची प्रत शेंकडा १८ ते ४३ भाग, ३ ची ८ ते १८ भाग, व ४ ची ३ ते ८ भाग उजेड आंत घेते. उघड्या उन्हांत पाण्यावर काम करणारानें ३ ची प्रत घ्यावी. ढगाळ दिवस व झाडीखालचे ओढे ह्यांस २ ची पुरते. ४ ची प्रत इतकी काळी असते कीं ती घालून वाहन हांकणें मना आहे. सामान्य शेतकऱ्यास तिचें प्रयोजन नाहीं.

रंगांत मुख्य भेद दोन. करड्या काचेंतून सर्व रंग जसेच्या तसे दिसतात आणि डोळ्यांस विसांवा वाटतो. खोल समुद्र, मोठा जलाशय व कडक ऊन ह्यांस ती उत्तम. तपकिरी किंवा तांब्याच्या रंगाची काच निळा उजेड अधिक अडविते, त्यामुळें उथळ व किंचित् हिरवट पाण्यांत माशाची पाठ आणि तळ ह्यांतील फरक उठून दिसतो. शेततळें, नदीचा उथळ डोह, खाडीची कड ह्यांवर जाणारानें एकच चष्मा घ्यावयाचा असेल तर तपकिरी घ्यावा, असें आमचें मत आहे. पिवळी काच मंद उजेडापुरती ठीक, भर दुपारीं अपुरी. आरशासारखी निळी-हिरवी झिलई हा केवळ वरचा लेप असून तो आणखी थोडा उजेड परत पाठवितो. ती आहे म्हणून काच ध्रुवीभूत आहे असें समजूं नये.

काचेचें द्रव्य व चौकट

गळ टाकणारानें काचेच्या मजबुतीकडे प्रथम पाहावें. अडकलेला गळ ओढतांना एकदम सुटला तर तो व त्याचें शिशाचें वजन गोळीसारखें तोंडावर येतें. पॉलिकार्बोनेट नांवाचें प्लास्टिक असा आघात चांगला सोसतें व अतिनील किरणही स्वभावतःच बहुतेक सर्व अडवितें. त्यावर ओरखडे मात्र लवकर पडतात. खरी काच ओरखड्यांस दाद देत नाहीं व दिसावयास सर्वांत स्वच्छ, परंतु जड असते आणि फुटूं शकते. स्वस्त चष्म्यांत बहुधा सेल्युलोजच्या पातळ थरांमध्यें पापुद्रा चिकटविलेला असतो. तो काम देतो, पण वांकतो व लवकर उकलतो. चष्मा असूनही गळ डोळ्यांत रुतलाच तर तो ओढून काढूं नये व डोळा दाबूं नये. वरून वाटीसारखें हलकें आच्छादन धरून तसेंच डॉक्टरांकडे न्यावें.

चौकट तोंडाच्या वळणानें बसणारी व कानशिलाकडे रुंद असावी. बाजूनें उजेड आंत येत राहिला तर तो काचेच्या आंतल्या अंगावर चमकून नजरेस बाध आणतो, आणि अतिनील किरणांसही ती पळवाट मिळते. ह्याच कारणासाठीं चष्म्याबरोबर रुंद कडेची टोपी अवश्य घालावी. ज्यांस नंबराचा चष्मा आहे त्यांनीं नंबरी काचच ह्या प्रकारची करून घ्यावी, किंवा आपल्या चष्म्यावर बसणारी जोडकाच घ्यावी. चाळिशी लागलेल्यांनीं गळ बांधण्यासाठीं जवळचें दिसेल अशी सोय आधींच पाहावी. नाहीं तर दर वेळीं चष्मे बदलण्यांत दिवस जातो.

चष्मा केव्हां काढावा

पहाटे तळ्यांतील मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडझांप करूं लागले तर पाण्यांतील प्राणवायु कमी झाला असें समजावें. हें पाहावयाचें तें उजाडतांना. त्या वेळीं काळी काच घालून गेल्यास नेमकें हेंच नजरेंतून सुटतें. तळ्याचा हिरवेपणा मोजण्यासाठीं सेकी ह्या इटालियन शास्त्रज्ञानें १८६५ सालीं वापरलेली तबकडी पाण्यांत सोडतात. ती दिसेनाशी होते त्या खोलीचें माप घेतांना चष्मा काढून ठेवावा. चष्म्यानें तबकडी अधिक खोलवर दिसते, आणि एके दिवशीं चष्म्यासह व दुसऱ्या दिवशीं चष्म्याविना घेतलेलीं मापें एकमेकांशीं ताडून पाहतां येत नाहींत.

मासे शोधण्याचें यंत्र, मोबाइल व मोटारींतील कांहीं पडदे ह्या चष्म्यांतून काळे किंवा डागाळलेले दिसतात. नाव हांकणारानें हें घरींच तपासून घ्यावें. संध्याकाळनंतर हा चष्मा घालून वाहन चालवूं नये. सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे ह्या चष्म्यांतून कधींही पाहूं नये; तें काम ह्या काचेचें नव्हे.

निगा

काच पुसण्यापूर्वीं ती स्वच्छ गोड्या पाण्यानें धुवावी. खाडीवरून आल्यावर तर हें अवश्य करावें, कारण सुकलेल्या मिठाचे कण वाळूसारखेच घांसतात. धोतराच्या सोग्यानें किंवा पंचानें कोरडी धूळ पुसणें म्हणजे काचेवर हातानें ओरखडे काढणेंच होय. डास पळविण्याच्या कांहीं मलमांत डीट नांवाचें द्रव्य असतें, तें प्लास्टिक खातें; मलम लावलेला हात काचेस लावूं नये. उन्हांत उभ्या असलेल्या मोटारीच्या कांचेमागें चष्मा ठेवल्यास उष्णतेनें थर उकलतात. कडेला फुगे किंवा पापुद्रे दिसूं लागले कीं ती काच संपली असें समजावें. दांड्यांस दोरी बांधून चष्मा गळ्यांत अडकवावा, म्हणजे वांकतांना तो पाण्यांत जात नाहीं.

खर्चाविषयीं इतकेंच सांगावयाचें कीं, मोठी किंमत ही पुष्कळदां नांवाची व चौकटीच्या डौलाची असते. आणि अगदींच थोडक्या किंमतींत दोन्ही गुण असतीलच असा भरंवसा नसतो. वर सांगितलेल्या परीक्षांस जो उतरेल तो मध्यम किंमतीचा चष्मा शेतकऱ्यास पुरा पडतो. ज्या घरीं दोघे-तिघे जाळ्यावर जातात तेथें एक भारी चष्मा घेण्यापेक्षां प्रत्येकास एकेक साधा पण पारखलेला चष्मा घ्यावा. जाळें फाटलें तर विणतां येतें, तळें आटलें तर पुढल्या पावसांत भरतें; डोळ्यांची गोष्ट तशी नाहीं.